माणदेशात पाण्याची बातमी करायला जाताना

साताऱ्याहून पंढरपूरकडे जाणाऱ्या एसटीत बसलं की कोरेगावपर्यंत ऊस सोबतीला असतो. पुसेगाव मागं पडलं की हिरवं विरळ होत जातं आणि गोंदवल्याच्या पुढं म्हसवडपर्यंत मुरूम, बाभळी, मेंढरं. याच जिल्ह्यात महाबळेश्वर आहे, तिथं वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. माण तालुक्याच्या वाट्याला ५०० च्या आतबाहेर, त्यातलाही मोठा भाग परतीचा. उत्तरा-हस्त कोरडे गेले की पुढचा उन्हाळा तिथंच ठरतो. म्हणून मी मे महिन्यात जाऊन आल्यावर पुन्हा ऑक्टोबरात गेलो.

मे महिन्यात सगळेच येतात. एका वस्तीवर मेंढरं राखणाऱ्या आजोबांनी रामराम व्हायच्या आधीच विचारलं, "हंड्याचा फोटू पायजे का? बाया आत्ताच गेल्या की." पत्रकाराला काय हवं असतं ते गावाला पाठ झालंय. त्या फोटोनं दुष्काळ दिसतो, पण तो का पडला आणि कुणावर किती पडला, हे त्यातून काही कळत नाही.

ते कळतं विहिरीवर. "पाणी किती आहे?" असं विचारलंत तर "कुठलं पाणी?" एवढंच उत्तर येईल. "मोटर किती वेळ चालते?" असं विचारा. दिवाळीत चार तास, संक्रांतीला दोन, शिमग्याला वीस मिनिटं, असा अख्खा हिशेब शेतकरी बोटावर सांगतो. विहीर किती परस (परस म्हणजे पुरुषभर खोली), बोअर किती फुटांवर गेला, शेजाऱ्यानं कधी मारला, हेही ओघात येतं. खाली काळा पाषाण, पाणी फक्त भेगांत. त्यामुळे शंभर पावलांवरच्या दोन विहिरींची गोष्ट वेगळी असू शकते. एका विहिरीवरून गावाची बातमी करू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजते. ते आकडे मागवा आणि शेतकऱ्याच्या तासांशेजारी ठेवून बघा.

टँकरचं गणित सोपं आहे. ग्रामीण भागात माणशी रोज २० लिटर. म्हणजे १,५०० वस्तीच्या गावाला ३०,००० लिटर, १०,००० च्या टँकरच्या तीन खेपा. लॉगबुकात खेपा किती लिहिल्यात ते बघा, मग वाड्यावस्त्यांवर जाऊन विचारा. गावठाणात टँकर नक्की पोचतो. लांबच्या वस्तीचं पाणी वाटेतच संपतं. वही दाखवायला टाळाटाळ झाली तर भांडू नका, माहिती अधिकाराचा अर्ज टाका. मुदत ३० दिवसांची, म्हणून अर्ज फेब्रुवारीतच द्यावा.

आता माणमध्ये उरमोडी आणि जिहे-कठापूर या सिंचन योजनांचं पाणी आलंय. जलपूजनाच्या बातम्या मी ढीगभर वाचल्या. त्या पाण्यावर कुठलं पीक उभं राहिलं आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या, गावांना आवर्तन (पाण्याची पाळी) मिळालं का, हे फार थोड्यांनी लिहिलं. मालदांडी ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिलेला दिसला तर तिथं थांबायला हवं, माझ्या मते खरी बातमी तीच.

मुक्काम गोंदवल्यात सोयीचा पडतो. मात्र ते देवस्थान आहे, तिथले नियम पाळायचे. म्हसवडला 'माणदेशी तरंग' हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे, ९०.४ वर लागतं. तिथले कार्यक्रम ऐकले तर कोणत्या गावात काय चाललंय याचा अंदाज येतो. वस्त्यांवर जायला दुचाकी हवीच, एसटी फाट्यावर सोडते. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर माणसं निवांत भेटतात. पिण्याचं पाणी आपलं न्या. कुणी तांब्या पुढं केलाच तर नाही म्हणू नका, अर्धा पेलाच घ्या आणि उरलेलं ओतून देऊ नका.

बातमी छापून आली की अंक गावात पाठवा, चावडीवर लागू द्या. त्यात आकडा चुकला असेल तर फोन येतोच, आणि त्या फोनवर पुढची बातमी मिळते.