लाकूड कुठून आणता?

पडवीत कातीव वाडगे मांडलेले बघितले की आलेला माणूस एक उचलतो, उलटा करून बूड बघतो आणि विचारतो, “लाकूड कुठून आणता हो?” दापोलीतली एखादी वखार, घनफुटाचा भाव, असलं काही उत्तर त्याला हवं असतं. “मिळतं असंच,” म्हणून मी चहा पुढे करतो. पण तुम्ही दोनदा विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

वखारीतून आजवर सागाच्या दोनच फळ्या आणल्या, त्याही बायकोला कपाटाचं दार हवं होतं म्हणून. बाकी सगळं पडलेलं.

हा नाद लागला भोवऱ्यापायी. लहानपणी आमच्या बाजारात एक कातारी बसायचा. लाटणी, रव्या, पाळण्याचे खांब, सगळं करायचा. दोन लोखंडी टोकांमध्ये अडकवलेल्या लाकडाला दोरीचे वेढे, आणि समोर दोरीची टोकं आळीपाळीने ओढणारं एक पोर. लाकूड आपल्याकडे फिरलं की पटाशी टेकवायची, उलटं फिरलं की उचलायची. पोर आलं नाही त्या दिवशी दोरी मी ओढायचो. मजुरी एक भोवरा. पुढे नोकरी झाली, तीत सांगण्यासारखं काही नाही. निवृत्तीआधी विहिरीवरच्या पंपाची जुनी मोटर मागच्या पडवीत आणून तिच्यावर लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, बसवला. आता दोरीला पोर लागत नाही.

लाकडाचं म्हणाल, तर पूर्वी मिळेल तसं मिळायचं. एखादी तुटलेली फांदी, एखादं मोडलेलं लाकडी उखळ. मग ३ जून २०२० उजाडला. निसर्ग वादळ किनाऱ्याला लागलं ते रायगडात, पण दापोली-मंडणगडलाही झोडपून गेलं. दुसऱ्या दिवशी बाहेर पडलो तर वाडीत नको तितकं आभाळ दिसत होतं. पन्नास-साठ वर्षांचे आंबे-फणस मुळासकट आडवे. घरांवर कौलं नव्हती, तिथे कोणाच्या अंगणात जाऊन लाकूड कसं मागणार? करवत घेऊन वाटा मोकळ्या करायला गेलो, तेव्हा लोकच म्हणाले, “न्या हो, नाहीतर चुलीतच जायचंय.” एका काकूंनी पडलेल्या फणसावर हात ठेवून सांगितलं, “मामंजींनी लावलेला. न्या, पण मला एक पोळपाट करून द्या.”

उभं झाड मी मागत नाही. आंबा, फणस, ऐन, किंजळ परवानगीशिवाय तोडू नयेत असा १९६४चा कायदा आहे, पण माझं कारण एवढं मोठं नाही. उभं झाड मागितलं की मालकाचा चेहरा बघवत नाही.

पडलेल्यातलंही सगळं चालत नाही. पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, तर हजारोंनी पडल्या होत्या, पण पोफळ म्हणजे धाग्यांची मोळी, तिच्यावर पटाशीची धार टिकत नाही. किनाऱ्यावरचा सुरू त्याहून वाईट. दगडासारखा कठीण, आणि वाळताना दोन महिन्यांत असा फुटतो की बघत बसावं. आंबा भोळा. पावसात पडून राहिला की बुरशी धरतो, पण वेळेवर उचलला तर त्याच बुरशीच्या काळ्या रेघा नकाशासारख्या दिसतात. राजा मात्र फणस. ओला फणस लेथवर चढवला की आधी चीक चष्म्यावर उडतो (हाताला खोबरेल लावून घ्यायचं, गरे काढताना लावतो तसंच), मग हळदीच्या रंगाच्या लांबच लांब फिती पटाशीवरून सुटून खांद्यावर येऊन पडतात. लोकांना वाटतं मी वाडगे करायला बसतो. खरं सांगू? मी त्या फितींसाठी बसतो. दुसऱ्या दिवशी त्या बंबात जातात.

ओला वाडगा एकदम पुरा करायचा नाही. वाळताना लाकूड खोडातल्या वर्तुळांच्या अंगाने जितकं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आक्रसतं. म्हणजे गोल वाडगा लंबगोल होणारच, आणि मधला गाभा ठेवला तर तडकणारच. गाभा काढून टाकायचा, दहा इंची वाडग्याची भिंत इंचभर जाड ठेवायची, कडांना मेण फासायचं आणि माळ्यावर विसरून जायचं. दर रविवारी मी वजन करतो आणि बुडावर पेन्सिलीने लिहितो. शेजारी लाकूड कोणाच्या वाडीतलं तेही. वजन उतरायचं थांबलं की वाडगा परत लेथवर. जून ते सप्टेंबर ते उतरायचं सोडून चढतं, तेव्हा काटा उचलून ठेवायचा.

इथे वाळलं ते सगळीकडे वाळलं असं नाही, हे लेकीमुळे कळलं. तिला पुण्याला वाडगा दिला, एप्रिलात फोन आला, “बाबा, रात्री टक् आवाज झाला.” आमच्या खाऱ्या हवेत कोरडा झालेला फणस पुण्याच्या उन्हाळ्याला ओलाच होता. आता पुण्याचा वाडगा आधी कच्चाच जातो, तिच्या माळ्यावर एक उन्हाळा काढतो, कोरायला परत येतो आणि पुन्हा जातो. एसटीला दर खेपेला हाफ तिकीट काढलं नाही एवढंच.

काकूंचा पोळपाट झाला. दिला तेव्हा पिवळाधमक होता. वर्षभराने रस्त्यात थांबवून म्हणाल्या, “तुमच्या पोळपाटाचा रंग बिघडला.” म्हटलं बिघडला नाही, फणस उजेडात असा तपकिरी होतोच. त्यांना पटलं नसावं. पोळ्या मात्र त्याच्यावरच लाटतात.

तर लाकूड हे असं येतं. तुमच्याकडे फणस पडला असेल तर हात-दीड हाताचे तुकडे पाडा, कापलेल्या तोंडांना मेण नाहीतर जुना ऑइलपेंट फासा, सावलीत ठेवा आणि मला फोन करा. सुरू पडला असेल तर करू नका.