बाणगंगेचा रोल, नळाचं पाणी आणि बर्फ

आज बाणगंगा तलावावर काढलेला फिल्मचा रोल घरीच धुतला. एचपी५ ही कृष्णधवल फिल्म, ३६ फ्रेम. यातली एकही इथे टाकणार नाही, ते फोटो कागदासाठी आहेत.

मुंबईत फिल्म धुताना सगळं अडतं ते पाण्याच्या तापमानावर. डेव्हलपरच्या (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या) वेळा २० अंशांच्या असतात, आपल्या नळाचं पाणी बहुतेक वर्षभर त्याहून बरंच गरम. माझा डेव्हलपर आयडी-११, एकास एक (१५० मिली डेव्हलपर, १५० मिली पाणी) २० अंशांवर १३ मिनिटं. गरम पाण्यात तेवढीच वेळ दिली की निगेटिव्हवर आकाश काळंठिक्कर आणि प्रिंटमध्ये कोरं पांढरं. परातीत बर्फ घालून बाटल्या त्यात उभ्या करा. बर्फ द्रावणात टाकायचा नाही, ते पातळ होतं. २४ अंशांपर्यंत आणलं तर साधारण ९ मिनिटं पुरतात. फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि धुण्याचं पाणीही तेवढ्याच तापमानाचं हवं, नाहीतर जिलेटिनचा थर सुरकुततो, आणि त्यावर इलाज नाही.

फिल्म आणि डेव्हलपर असलेली बंद टाकी दर मिनिटाला चार वेळा उलटायची, मग ओट्यावर आपटायची. बुडबुडा चिकटून राहिला तर प्रिंटवर काळा ठिपका.

वाळवताना पंखा बंदच! धूळ ओल्या फिल्मवर कायमची बसते. या दमट हवेत रात्रभर लागते, लागू दे.

काँटॅक्ट शीट (सगळ्या फ्रेम निगेटिव्हच्याच आकारात एका कागदावर) दोन आठवडे पालथी ठेवायची. मग एकच फ्रेम, ८ बाय १० कागदावर. बहुधा ओल्या पायऱ्यांची.