मांजराची सर्दी आणि सहा दिवसांचा रिपोर्ट: माझा अनुभव

मांजर शिंकलं की खापर धुळीवर फुटतं. मीही दोन दिवस तेच म्हणत होते. धुळीच्या शिंका थांबतात. या थांबल्या नाहीत, नाकातलं पाणी घट्ट, पिवळट झालं आणि डोळ्यांत चिपडं धरली. दवाखान्यात तपासणी झाली, डोळ्यातून आणि घशातून स्वॅब घेतले. इथवर काहीच अडलं नाही.

अडलं ते रिपोर्टपाशी. पीसीआरचे, म्हणजे जंतूंचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीचे, नमुने बाहेरच्या लॅबमध्ये गेले होते. रोज फोन केला की काउंटरवरून एकच उत्तर, “रिपोर्ट येऊ द्या, मग बघू.” सहाव्या दिवशी रिपोर्ट आला, निगेटिव्ह! तोवर घरातलं दुसरं मांजर शिंकायला लागलं होतं. निगेटिव्हवर विसंबायचं नसतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही, याचा राग अजून आहे. स्वॅबवर पेशी कमी आल्या किंवा नमुना उशिरा घेतला, तर विषाणू असूनही सापडत नाही. पॉझिटिव्हही निर्णायक नाही. मांजरांच्या सर्दीमागे बहुतेकदा हर्पिस आणि कॅलिसी हे दोन विषाणू असतात. हर्पिस मज्जातंतूंत आयुष्यभर दडून राहतो, कॅलिसी धडधाकट मांजराच्या घशातही सापडतो आणि नुकतीच जिवंत विषाणूची लस दिली असेल तर तीही चाचणीत दिसू शकते. आजार रेंगाळला किंवा घरात मांजरं बरीच असली तर चाचणी जरूर करा. वेगळं ठेवणं मात्र पहिल्या शिंकेपासूनच.

तोवर डोळ्यांनी बरंच कळतं. तोंड उघडून जिभेची कड बघा. तिथे फोड, लाळ, कधी लंगडणं, असं असेल तर कॅलिसीचा संशय घ्या. शिंकांचा सपाटा आणि मिटलेला, दुखरा डोळा हर्पिसकडे बोट दाखवतो. आधी एकच डोळा सुजून लाल, मग दुसरा, आणि शिंका थोड्या, तर क्लॅमिडिया हा जिवाणू असू शकतो. दोन जंतू एकत्रही येतात, म्हणून नुसत्या लक्षणांवरून औषध ठरवू नका. नाक कोरडं, पण मान पुढे काढून खोकला, हे चित्र दम्याचं असू शकतं.

वेगळं म्हणजे बंद दाराची खोली, वेगळी भांडी, वेगळा लिटर बॉक्स. शिंकेचे थेंब दीड मीटरपर्यंत उडतात. आधी निरोगी मांजराचं सगळं करायचं, मग आजारी मांजराचं, मग साबणाने हात. हर्पिस बाहेर दिवसभरही टिकत नाही, पण कॅलिसी काही आठवडे तग धरतो. म्हणून भांडी आणि फरशी आधी साबणाने धुवा. मग 1 लिटर पाण्यात 30 मिली साधं ब्लीच घालून ते पाणी त्यांवर 10 मिनिटं राहू द्या आणि स्वच्छ धुऊन वाळवा. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका. संपर्कात आलेलं मांजर 14 दिवस नजरेखाली ठेवा.

राहून जायला नको म्हणून, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. घरात उरलेले स्टेरॉइडचे डोळ्यांचे थेंबही घालू नका, हर्पिसची जखम त्याने चिघळते. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी दिली तर मागून 5-6 मिली पाणी पाजा, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते.

वास येत नाही म्हणून मांजर खात नाही. नाक कोमट मिठाच्या पाण्याने पुसा, खाणं किंचित कोमट करा. मोठ्या मांजराने 24 तास काही खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा, पिल्लासाठी एवढंही थांबू नका. झोपेत मिनिटाला 40 च्या वर श्वास किंवा तोंड उघडून धापा, की रात्र असली तरी दवाखाना गाठा.