आमची वाटचाल : पाकाचं वॅक्स ठेवलं, लेझर घेतलं नाही

दारव्हा-दिग्रस पट्ट्यात आमचं पार्लर सुरू झालं ते भुवया आणि ओठावरची लव काढण्यावर. दोरा आणि चांगला उजेड असला की ते काम भागतं, लाइट गेली तरी अडत नाही. वॅक्सचं तसं नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की डब्यातलं तयार वॅक्स हीटरशिवायच पातळ होतं, घामट कातडीवर केस धरत नाही आणि अंगालाच चिकटून बसतं. म्हणून आम्ही साखरेच्या पाकावर आलो.

२ वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस, पाव वाटी पाणी. मंद आचेवर मधाचा रंग येऊ द्यायचा. थंड पाण्यात थेंब टाकल्यावर बोटांत गोळी वळली पाहिजे. लिंबामुळे साखर पुन्हा दाणे धरत नाही. पाक कच्चा राहिला तर पट्टीवर न येता अंगावरच राहतो, पुढे गेला तर काचेसारखा तडकतो. पावसाळ्यात तो हवेतली ओल ओढून सैल पडतो, तेव्हा जरा घट्टच उतरवायचा आणि थोडाथोडाच करायचा. सांडला-लागला तरी कोमट पाण्याने निघतो, ही मोठी सोय.

केस तांदळाच्या दाण्याएवढा, म्हणजे ५-६ मिलिमीटर हवा. पावडर लावून पाक केसाच्या दिशेने पसरायचा, कातडी दुसऱ्या हाताने ताणून धरायची आणि पट्टी उलट्या दिशेने, कातडीलगत ओढायची. वर उचलली की केस मधेच तुटतो, आतल्या आत वळतो आणि फोड येतो. नीट काढलं तर ३-४ आठवडे बघावं लागत नाही. रेझरने दोन दिवसांत खुंट लागतात. त्याने केस दाट होतात हा मात्र निव्वळ गैरसमज.

वॅक्सआधी आमचा पहिला प्रश्न क्रीमचा असतो. मुरुमांचं रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध) चालू असेल तर वरची कातडी सोलून येते. गोरं करणारी म्हणून मिळणारी स्टेरॉइडची क्रीमं त्याहून वाईट: कातडी पातळ करतात, वर चेहऱ्यावर लव वाढवतात.

लेझर मशीन घ्या म्हणणारे बरेच आले. घेतलं नाही. लेझर केसातला काळा रंग पकडतं आणि वाढीत असलेल्या केसावरच लागू पडतं, म्हणून ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने ६-८ बैठका लागतात. पांढऱ्या केसावर त्याचा उपयोग नाही. रंग कातडीतही असतो. दिवसभर वावरात कापूस वेचून रापलेल्या हातावर सेटिंग चुकलं की चटका आणि काळा डाग. सावळ्या कातडीला एनडी-याग जातीचं, १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित, पण ते ठरवायचं काम त्वचारोगतज्ज्ञाचं. शिवाय आमच्याकडचं व्होल्टेज! त्यामुळे लेझरचं गिऱ्हाईक आम्ही सरळ यवतमाळ-नागपूरला पाठवतो. आमचं वॅक्सचं काम त्याने कमी होतं, होऊ दे.

लेझरनेही केस कमी आणि बारीक होतात, सगळेच जात नाहीत. मुळासकट कायमचा केस घालवणारी पद्धत म्हणजे इलेक्ट्रोलिसिस, सुईतून वीज सोडून मूळ मारणं. ती १८७५ पासूनची, पांढऱ्या केसालाही चालते. पण एकेका केसाच्या मुळाशी सुई घालावी लागते, त्यामुळे नुसत्या हनुवटीलाही महिने जातात.

लेझरला जाण्याआधी ४ आठवडे वॅक्स नको, दोराही नको. मूळ जागेवर राहायला हवं. रेझर चालतो. हनुवटीवर जाड केस आणि पाळी अनियमित असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. हार्मोन बिघडलेले असताना लेझरवर घातलेले पैसे वाया जातात, नवे केस येतच राहतात.