ओडरकाठापासून शुलेनबुर्गरिंगपर्यंत: चुइकोव्हच्या मागावर तीन दिवस

कोस्ट्शिनच्या जुन्या गावात घरं नाहीत, उंबरे आहेत. दगडी फरसबंदीचा रस्ता, त्याच्या कडेला दोन-तीन पायऱ्या, पायऱ्यांच्या वर उंबऱ्याचा दगड आणि त्यापलीकडे नुसतं गवत. एका उंबऱ्यावर मधोमध झीज झालेली दिसली. पिढ्यान् पिढ्या माणसं तिथूनच आतबाहेर गेली असणार. माझा भाचा निनाद तिथे बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "मामा, बर्लिनला जायच्या आधी इथे आणलंस ते बरं केलंस."

ओडर नदीवरचं हे किल्ल्याचं गाव. तेव्हा त्याचं नाव क्युस्ट्रिन होतं आणि ते जर्मनीत होतं, आता पोलंडमध्ये आहे. १९४५ च्या मार्चअखेरीस सोव्हिएत जनरल वासिली चुइकोव्हच्या ८ व्या गार्ड्स आर्मीने ते घेतलं, आणि तिथून बर्लिनची वाट मोकळी झाली. तीन दिवसांचा आमचा प्रवास याच माणसाच्या मागावर होता. सगळ्यात आधी एकच सांगतो: ही ठिकाणं घटनांच्या क्रमाने बघा. आधी ओडर, मग झेलोची चढण, मग शहर. बर्लिनमधली शुलेनबुर्गरिंगवरची साधी इमारत, जिथे लढाई थांबवण्याचा हुकूम लिहिला गेला, ती आधी पाहिलीत, तर तिच्या दारात उभं राहून काही जाणवणार नाही.

चुइकोव्ह कोण होता, ते थोडक्यात. रशियाच्या 'तुला' नावाच्या प्रांतातल्या सेरेब्र्यानिये प्रुदी या गावी १९०० साली शेतकऱ्याच्या घरात जन्म. बाराव्या वर्षी घर सोडून पेत्रोग्राडला, म्हणजे तेव्हाच्या सेंट पीटर्सबर्गला, घोडेस्वारांच्या टाचेला लावायच्या आऱ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. १९१८ मध्ये लाल सैन्यात गेला आणि एकोणिसाव्या वर्षी रेजिमेंटचा प्रमुख झाला. १९३९-४० च्या हिवाळ्यात फिनलंडविरुद्ध त्याच्या ९ व्या आर्मीने सपाटून मार खाल्ला. त्यानंतर त्याला चीनमध्ये च्यांग कै-शेकचा लष्करी सल्लागार म्हणून पाठवलं. परत आल्यावर १२ सप्टेंबर १९४२ ला त्याच्या हाती ६२ वी आर्मी आली. स्टालिनग्राड पडायच्या बेतात होतं, आणि पाठीमागे व्होल्गा. ताणामुळे त्याच्या हातांना इसब झालं होतं, बोटांना बँडेज बांधूनच तो लढाई चालवायचा. जर्मन खंदकांच्या इतकं जवळ राहायचं की त्यांच्या विमानांना बॉम्ब टाकताना आपलीच माणसं मरतील अशी धास्ती वाटावी, आणि मोठ्या तुकड्यांऐवजी छोट्या गटांनी एकेक घर, एकेक मजला झगडून घ्यायचा, हे त्याने तिथे पक्कं केलं. १९४३ मध्ये हीच ६२ वी आर्मी ८ वी गार्ड्स झाली, आणि झापोरिझ्झ्या, ओडेसा, पोझनान करत ओडरपर्यंत आली.

आता वाटेचं. बर्लिनच्या ओस्टक्रॉइत्स स्टेशनवरून आरबी २६ ही गाडी थेट कोस्ट्शिनपर्यंत जाते, सव्वा तासाच्या आसपास लागतो. चार-पाच जण असाल तर ब्रांडेनबुर्ग-बर्लिन तिकीट घ्या, एका तिकिटावर पाच जण दिवसभर फिरू शकतात. फक्त कामाच्या दिवशी ते सकाळी ९ नंतरच चालतं. शेंगेन व्हिसा दोन्ही देशांना चालतो, पण पासपोर्ट मूळच सोबत ठेवा. येताना जर्मन पोलीस डब्यात चढून कागद तपासतात. आम्हाला दोन्ही बाजूंनी विचारलं, मोबाइलमधल्या फोटोने भागलं नसतं. स्टेशनपासून जुनं गाव पायी साधारण अर्ध्या तासावर आहे आणि त्या गावात खायला काही मिळत नाही. निनादने आदल्या रात्री तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या, त्या तटबंदीवर बसून खाल्ल्या.

दुपारी त्याच गाडीने परत फिरून झेलो-गुझो स्टेशनवर उतरलो. गावाच्या नावाचा शेवटचा 'व' उच्चारत नाहीत, 'झेलो' म्हणा, म्हणजे लोकांना कळेल. स्टेशनपासून गाव चार-पाच किलोमीटरवर आहे, बस आहे पण मोजक्या. आमची बस आमच्या डोळ्यांदेखत सुटली. मग चालतच निघालो, आणि ते चालणंच या प्रवासातलं सगळ्यात मोलाचं ठरलं.

ओडरब्रुख म्हणजे नदीकाठचा सपाट, पाणथळ पट्टा. एप्रिलचा तिसरा आठवडा होता. शेताच्या कडेने दहा पावलं गेलो तर बुटांना काळी चिकण माती लागली, ती झटकूनही जाईना. दर थोड्या अंतराने पाण्याचा चर. डोकं वर केलं की समोर झेलोची उंची. सह्याद्रीत फिरणारा माणूस तिला टेकडीही म्हणणार नाही, खालच्या सपाटीपासून जेमतेम पन्नासेक मीटर. "मामा, एवढीच?" निनादने विचारलं. मी त्याला आपल्या पावलांकडे बघायला सांगितलं. १६ एप्रिल १९४५ ला पहाटे याच चिखलातून चुइकोव्हचे सैनिक पुढे सरकत होते. चुइकोव्हचा वरिष्ठ मार्शल झुकोव्ह याने शत्रूचे डोळे दिपावेत म्हणून १४३ सर्चलाइट लावले होते. पण तोफांच्या माऱ्याने उठलेल्या धुळीवर आणि धुरावर तो उजेड आपटून उलटा आपल्याच माणसांच्या डोळ्यांत गेला. समोरच्या जनरल हाइनरीचीने आदल्या रात्रीच पहिल्या फळीतली बहुतेक माणसं मागे घेतली होती, त्यामुळे तो प्रचंड मारा रिकाम्या खंदकांवर पडला. वर चढायचे रस्ते दोन-चारच. त्यातच दुपारी झुकोव्हने रणगाड्यांच्या आर्मी ठरल्यापेक्षा आधीच सोडल्या आणि त्याच रस्त्यांवर चुइकोव्हच्या पायदळाची नि तोफांची कोंडी झाली. चुइकोव्हने पुढे आठवणींत याबद्दलचा राग लपवलेला नाही. पन्नास मीटर चढायला जवळपास चार दिवस लागले आणि हजारो माणसं गेली.

वर स्मारक आहे. लेव केर्बेलने घडवलेला ब्राँझचा सैनिक, शेजारी रणगाड्याचा बुरूज, आणि खाली कबरी. संग्रहालय लहान असलं तरी चांगलं आहे, त्यातला लढाईचा नकाशा नीट बघा. सोमवारी ते बंद असतं. हिवाळ्यात वेळा कमी होतात, निघण्याआधी खात्री करून घ्या. स्वतःची गाडी असेल तर राइटवाइनच्या उंचवट्यावरही जा. चुइकोव्हचं आणि त्याच्याकडे येऊन बसलेल्या झुकोव्हचं ठाणं तिथे होतं, रानात त्याच्या खुणा आहेत. आम्हाला गाडीअभावी जमलं नाही. एक महत्त्वाची सूचना: या सगळ्या भागात आजही मातीतून माणसांचे सांगाडे आणि न फुटलेले गोळे निघतात. पायवाट सोडू नका. लोखंडाचा तुकडा दिसला तर उचलू नका.

या चढणीवर उभं राहिल्यावर जुना वाद आठवतो. १९६० च्या दशकात चुइकोव्हने लिहिलं की फेब्रुवारी १९४५ मध्येच, ओडर ओलांडल्या ओलांडल्या, बर्लिन घेता आलं असतं. झुकोव्हने ते जोरात खोडून काढलं. उत्तरेला पोमेरानियात जर्मन फौजा होत्या, पुरवठा मागे राहिला होता. मला चुइकोव्हबद्दल मनापासून आदर आहे, पण इथे झुकोव्हचंच म्हणणं पटतं. चुइकोव्हची निम्मी आर्मी तेव्हा पोझनानच्या किल्ल्यापाशी अडकलेली होती, तो किल्ला २३ फेब्रुवारीला पडला. तेवढ्या थकल्या सैन्याने ही माती ओलांडून पुढे ७० किलोमीटर मारायचे? चिखल पायाखाली असताना ते खरं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी शहर. यू ६ ने प्लाट्स डेअर लुफ्टब्र्युकं स्टेशनला उतरा. एका बाजूला टेंपलहोफ विमानतळाची प्रचंड इमारत, जी एप्रिलच्या अखेरीस चुइकोव्हच्या सैन्याने घेतली. दुसऱ्या बाजूला, पाच मिनिटांवर, शुलेनबुर्गरिंग ही झाडांची शांत गल्ली. क्रमांक २ शोधा. दारापाशी पाटी आहे, नाहीतर कोणी वळूनही पाहणार नाही अशी भाड्याच्या घरांची इमारत. आत लोक राहतात. बेल वाजवू नका, जिन्यात शिरू नका, खिडक्यांचे फोटो काढू नका. समोरच्या पदपथावरून बघा.

१ मे १९४५ च्या पहाटे चारच्या सुमारास जनरल क्रेब्स इथे पांढरं निशाण घेऊन आला. हिटलरच्या भूदलाच्या जनरल स्टाफचा प्रमुख, पूर्वी मॉस्कोत लष्करी प्रतिनिधी होता, रशियन येत असे. त्याने सांगितलं की आदल्या दिवशी हिटलरने आत्महत्या केली. हे ऐकणारा पहिला रशियन सेनापती चुइकोव्ह. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, तरी चेहरा हलू न देता म्हणाला, आम्हाला ठाऊक आहे. मग फोन झुकोव्हला, आणि झुकोव्हने मॉस्कोला, झोपलेल्या स्टालिनला उठवायला लावून. क्रेब्सला तात्पुरता युद्धविराम हवा होता, चुइकोव्हला बिनशर्त शरणागती. दुपारपर्यंत बोलणं चाललं आणि फिसकटलं. त्या रात्री चुइकोव्हकडे कवी दोल्मातोव्स्की, लेखक विश्नेव्स्की आणि संगीतकार ब्लांटर पाहुणे होते. गणवेशातल्या दोघांना अधिकारी म्हणून बसवलं, साध्या कपड्यांतल्या ब्लांटरला कपाटात लपवलं, असं सांगतात. २ मेच्या सकाळी बर्लिनचा सेनाप्रमुख वाइडलिंग याच घरात आला आणि लढाई थांबवण्याचा हुकूम त्याने इथेच लिहून दिला. बाराव्या वर्षी आऱ्या घासणारा पोरगा तेव्हा ४५ वर्षांचा होता.

स्टेशनच्या चौकात हवाई पुलाचं स्मारक आहे, तेही बघाच. १९४८-४९ मध्ये सोव्हिएत नाकेबंदीने पश्चिम बर्लिनचे रस्ते बंद केले, तेव्हा इथे पाश्चात्त्य देशांच्या विमानांनी कोळसा आणि पीठ उतरत होतं. नाकेबंदी मे १९४९ मध्ये उठली. तोपर्यंत जर्मनीतल्या सोव्हिएत फौजांची सूत्रं चुइकोव्हकडे आली होती, मार्च १९४९ मध्ये. ज्या विमानतळासाठी त्याची माणसं मेली, त्याच्यावरच दुसऱ्या बाजूची विमानं उतरताना त्याने पाहिली.

तिथून पोट्सडामर ब्रिजपर्यंत जा. कालव्यावरच्या या पुलाजवळ त्याच्या आर्मीतल्या निकोलाय मासालोव्ह या सार्जंटने गोळीबारात जाऊन एक जर्मन मुलगी उचलून आणली, त्याची पाटी पुलावर आहे. ही हकिकत चुइकोव्हनेच पुढे लिहून ठेवली. ट्रेप्टो पार्कातला मूल कडेवर घेतलेला सैनिक या घटनेवरून घडला असं मानतात. तो घडवणारा वुचेतिच. त्याच उद्यानात ७ हजारांहून जास्त सैनिक पुरलेले आहेत. जायला पैसे लागत नाहीत. संध्याकाळी जा, गर्दी नसते. मात्र ८ आणि ९ मेला टाळा, पोलीस बंदोबस्त असतो आणि झेंडे-गणवेशांवर बंदी असते. आणि या शिल्पापुढे उभं असताना दुसरीही बाजू विसरू नये: याच सैन्यातल्या माणसांनी त्या महिन्यांत बर्लिनच्या असंख्य बायकांवर अत्याचार केले. मासालोव्ह खरा आणि तेही खरं.

तिसरा दिवस कार्ल्सहोर्स्टसाठी. एस ३ ने उतरून पंधरा मिनिटं चाला. संग्रहालय मोफत आहे, सोमवारी बंद. ८ मे १९४५ च्या रात्री जर्मन फील्ड मार्शल कायटेलने ज्या दालनात शरणागतीवर सही केली ते तसंच ठेवलंय. बहुतेक लोक तेवढं पाहून निघतात. तुम्ही थोडं थांबा, कारण चुइकोव्हची युद्धानंतरची गोष्ट याच इमारतीत आहे. आधी थ्युरिंगियाचं प्रशासन सांभाळलेल्या या माणसाने १० ऑक्टोबर १९४९ ला इथेच पूर्व जर्मनीच्या नव्या सरकारकडे कारभार सोपवल्याचं जाहीर केलं. कारभार दिला तरी लगाम पुढेही सोव्हिएत नियंत्रण आयोगाच्या, म्हणजे त्याच्याच, हातात राहिला. १९५३ मध्ये, पूर्व बर्लिनचे कामगार रस्त्यावर उतरण्याच्या थोडं आधी, त्याची बदली कीव्हला झाली. पुढे १९५५ मध्ये मार्शल, १९६० पासून भूदलाचा प्रमुख आणि १९७२ पर्यंत नागरी संरक्षणाचा. २०२२ मध्ये, रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर, या संग्रहालयाने आपल्या नावातून 'रशियन' हा शब्द काढला. युक्रेनमधलं झापोरिझ्झ्या सोडवणाऱ्या सैन्याची गोष्ट आज तिथे उभं राहून वाचताना माझा गळा दाटून आला.

चुइकोव्ह १९८२ मध्ये मॉस्कोत गेला. कबर मात्र व्होल्गाकाठी, स्टालिनग्राडच्या, म्हणजे आताच्या व्होल्गोग्राडच्या, मामायेव टेकडीवर, वुचेतिचच्याच 'मातृभूमी' पुतळ्याच्या पायथ्याशी, जिथे त्याची माणसं पडली तिथे. तशी त्याचीच इच्छा होती. परतीच्या गाडीत निनाद नकाशा उघडून बर्लिन ते व्होल्गोग्राड अंतर मोजत होता, आणि बुटाच्या शिवणीत अडकलेली झेलोची माती त्याने अजून काढली नव्हती.