तीन का? दोन का नाही?

सकाळी साडेपाचला उठायचं, चुलीवर पाणी ठेवायचं आणि मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून डबी उघडायची. पत्र्याची गोल डबी, झाकणाला एका बाजूनं पोचा आलेला. पहिल्या बोटाचं पेर काळ्या पुडीत टेकवायचं आणि खालच्या हिरडीवरून सावकाश फिरवायचं. पंधरा-वीस मिनिटं. त्या वेळात मला घरात कुणी हाक मारत नसे. मिश्री लावताना बाई बोलत नाही, हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक. तेहतीस वर्षं माझी सकाळ अशीच उजाडली.

आमच्या सातारा भागात मिश्री म्हणतात, कोकणात आणि मुंबईकडे मशेरी. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची आणि कुटून वस्त्रगाळ करायची. भाजताना शेजारच्या दोन घरांना ठसका लागतो. मी चौदा वर्षांची असताना दाढ ठणकायला लागली, दवाखाना लांब. आईनं तिच्या डबीतली चिमूट दाढेवर दाबली. घटकाभरानं ठणका उतरला आणि मी झोपले. मला मिश्री अशी मिळाली, आईच्या बोटावरून. तिच्याविरुद्ध कुणी बोललं की आईविरुद्धच बोलल्यासारखं वाटायचं. पण हे मला फार उशिरा उमगलं.

मी अंगणवाडी सेविका आहे. माता बैठकीत गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या, हिरव्या भाज्या, लसी सगळं सांगायचं आणि त्यातच एक वाक्य असायचं, तंबाखू-मिश्री बंद करा. हे वाक्य मी खाली बघून म्हणायचे. घरून निघताना दात घासून लवंग चघळायची, पण बोटाचं पेर कायम पिवळट. एकदा दुसऱ्या खेपेची एक पोर हळूच म्हणाली, "बाई, तुमी लावताच की." रागानं नव्हे, साध्या आवाजात. मी विषय बदलला आणि घरपोच आहाराची पाकिटं मोजायला घेतली. तिची पहिली मुलगी दोन किलो शंभर ग्रॅमची होती, अडीचच्या खाली. ते वजन मीच रजिस्टरला लिहिलं होतं.

सोडायचा प्रयत्न तोवर केलाच नव्हता असं नाही. एकदा डबी माळ्यावर टाकली, दहा वाजायच्या आत शिडी लावून उतरवली. मग मुलानं स्वतःची शपथ घातली, तेव्हा गोठ्यात जाऊन लावायला लागले. ते दिवस सगळ्यात वाईट. मुलाशी खोटं बोलायचं आणि म्हशीच्या शेणात थुंकून वर माती सारायची. तिसऱ्यांदा एका खाजगी दवाखान्यात दात दाखवायला गेले. खालच्या ओठाच्या आत, जिथं बोट टेकायचं तिथंच पांढरा चट्टा निघाला. डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले, "अंगणवाडीत काम करता आणि हे? लाज कशी वाटत नाही?" लाज वाटलीच, पोटात गोळा येण्याइतकी. घरी आले आणि त्या दिवशी दोनदाऐवजी चारदा मिश्री लावली.

हे असं का होतं, याचा मी पुष्कळ विचार केलाय. कुणी "सोड" म्हटलं की माझ्या आतून एक बाई वकिलासारखी उभी राहायची. आजी ऐंशी वर्षं जगली, तिनं कुठं सोडली होती? मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही. दात हलायला लागतील. समोरचा जितक्या जोरानं सांगेल तितक्या जोरानं ही उलट बाजू मांडणार. आणि दुसऱ्याला पटवण्यासाठी केलेला युक्तिवाद आपल्यालाच आधी पटतो. शपथ घालणाऱ्यांचं, रागावणाऱ्यांचं प्रेम खरं होतं. पण त्या प्रेमानं मिश्रीची बाजू मांडायचं काम माझ्याकडे दिलं होतं.

2022 च्या जूनमध्ये, पानं भाजायला बसले असताना, पुड्यावरच्या इशाऱ्याच्या चित्राखालचा, तंबाखू सोडायला मदत करणारा नंबर वाचला. 1800-11-2356. कितीदा तो पुडा फाडून चुलीत घातला असेन. मुलगा कामावर, मालक रानात. फोन लावला. मराठी बोलणारी एक मुलगी होती. माझा आवाज ऐकूनच तिला कळलं असावं की मी घाबरलेय. म्हणाली, "सावकाश सांगा, काकू."

तिनं आधी विचारलं, मिश्रीत तुम्हाला काय आवडतं? असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी सांगत गेले, ती ऐकत गेली. मग म्हणाली, "शून्य म्हणजे सोडायची अजिबात इच्छा नाही आणि दहा म्हणजे आत्ता या क्षणी सोडायची. तुम्ही कुठं?" मी म्हटलं, तीन. मला वाटलं आता ही म्हणणार, फक्त तीनच का? तेहतीस वर्षांची उत्तरं माझ्या जिभेवर तयार होती.

ती म्हणाली, "तीन का? दोन का नाही?"

मी गप्प झाले. या प्रश्नाला आतल्या वकिलाकडे उत्तरच नव्हतं. दोन का नाही, कारण तो चट्टा मला रोज आरशात दिसतो. दोन का नाही, कारण ती पोर म्हणाली, तुमी लावताच की. कारण मी गोठ्यात लपते आणि मला मुलाच्या डोळ्याला डोळा देता येत नाही. सगळं माझ्याच तोंडून बाहेर पडत होतं आणि मी ते पहिल्यांदा ऐकत होते. तिकडून फक्त "हं" येत होतं. तवा जळत होता, पानांचा कोळसा झाला.

या बोलण्याची एक रीत आहे, हे मला नंतर एका प्रशिक्षणात समजलं. विल्यम मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं दारू सुटावी म्हणून येणाऱ्या माणसांबरोबर काम करताना ती मांडली, 1983 साली. माणूस बदलायचं म्हणतो तेव्हा त्याच्या आत दोन्ही बाजू असतात. आपण एक बाजू ओढली की तो दुसरी धरतो. म्हणून ओढायचं नाही, विचारायचं. आधी ठाऊक असतं तर कितीतरी घरांत मी वेगळं बोलले असते.

दुसऱ्या फोनला तिनं विचारलं, "मिश्री गेली तर तुमचं काय जाईल?" माझ्या तोंडून विचार न करताच निघालं, "उंबरा." पोट नाही, दात नाही, चव नाही. दिवसभरात माझी म्हणावी अशी वेळ ती पंधरा मिनिटंच. ती गेली की साडेपाचपासून रात्री दहापर्यंत मी दुसऱ्यांचीच. त्यासाठी मी इतकी भांडत होते. ती म्हणाली, "उंबरा कुणी काढून घेत नाही. तिथं बसायचंच, फक्त हातात दुसरं काहीतरी हवं." आम्ही तारीख ठरवली, आषाढी एकादशी, 10 जुलै. तोवर घरच्यांना सांगायचं, डबी कुणाला तरी द्यायची आणि भाजलेली पूड घरात ठेवायची नाही.

पोटाच्या भीतीबद्दलही तिनं नीट सांगितलं. निकोटीन आतड्याला चालना देतंच, त्यामुळे मिश्रीनं पोट साफ होतं हे खोटं नाही. सोडल्यावर काही दिवस त्रास होईल, मग शरीर आपली सवय परत धरेल. उठल्यावर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, थोडं चालणं. माझी एक भीती खरी ठरल्यामुळेच बाकीचं तिचं सांगणं मला पटलं.

पहिले तीन दिवस मी लिहू नये इतके वाईट गेले. डोकं ठणकायचं, भाकरी थापताना हात थरथरायचा. नातीवर विनाकारण ओरडले आणि मग तिला जवळ घेऊन रडले. तलफ येते ती लाटेसारखी, चार-पाच मिनिटांत ओसरते, हे मला सांगून ठेवलं होतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचे. खरंच ओसरायची. मग अर्ध्या तासानं दुसरी. उंबऱ्यावर बसायचे, हातात बडीशेपेची वाटी. बोट सवयीनं ओठाकडे जायचं, ते परत मांडीवर आणायचे. आठव्या दिवशी पोट जागेवर आलं. मालकांनी एवढंच केलं, सकाळी त्या वेळात मला हाक मारली नाही. मी सांगितलं नव्हतं, तरी.

तेविसाव्या दिवशी चुकलं. चुलतीच्या दहाव्याला गेले होते. सगळ्या बायका पडवीत बसलेल्या, डबी एकीकडून दुसरीकडे फिरत होती, रडत होत्या आणि लावत होत्या. माझ्यापाशी आली, मी घेतली. नको म्हणणं म्हणजे त्या दुःखातून उठून जाणं, असं त्या क्षणी वाटलं. चक्कर आली, उलटी झाली. दुसऱ्या दिवशी फोनवर सांगताना मला हुंदका आवरेना. तिनं विचारलं, "त्यानंतर लावली?" नाही. "मग चोवीस दिवसांत एकदा. आणि त्याआधी रोज किती वेळा?" तेवढंच. तिथून पुढे नाही लावली.

आईला सांगायचं मी सर्वांत शेवटी ठेवलं होतं. ती ब्याऐंशी वर्षांची, अजून लावते. डबी तिच्याच हातात ठेवली, म्हटलं, तुझी तुला. ती झाकणाच्या पोच्यावरून अंगठा फिरवत राहिली. म्हणाली, "तुला दाढ दुखली म्हणून लावली होती गं. तेवढ्यापुरती." इतक्या वर्षांचं काही उतरलं असावं, तिच्यावरून की माझ्यावरून, सांगता येत नाही.

चट्टा तीन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवला, फिकट झाला होता. अजून दर सहा महिन्यांनी तपासून घेते.

मुंबईत 1217 गरोदर बायकांचा एक अभ्यास झाला होता, 2004 साली छापून आला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बहुतेकजणी मिश्रीच लावणाऱ्या. त्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी भरली. आमच्या टांगत्या वजनकाट्यावर दर शंभर ग्रॅमला एक रेघ असते. म्हणजे जवळजवळ एक रेघ. पूर्वी हा आकडा मी बैठकीत वाचून दाखवला असता. आता आधी विचारते.

मागच्या महिन्यात त्याच पोरीच्या घरी गेले, तिला तिसऱ्याचे दिवस गेलेत. पडवीत ती डबी मांडीखाली सरकवत होती. मी शेजारी बसले, मिश्रीत काय बरं वाटतं ते विचारलं, तिनं सांगितलं. मग म्हटलं, शून्य ते दहात सोडावीशी किती वाटते? ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाली, "चार असंल."

"चार का? तीन का नाही?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. आत तिची थोरली पाटीवर काहीतरी गिरवत होती. तिच्याकडे बघत ती म्हणाली, "हिला काट्याला टांगलं तवा तुमी काटा दोनदा बगितला हुता, बाई. मला ध्येनात हाय."