अँजिओ नॉर्मल आली, पण आईचं दुखणं थांबलं नाही

मागच्या वर्षी श्रावणात आईची अँजिओग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले एकही ब्लॉकेज नाही, स्टेंट नको काही नको, घरी जाऊन पेढे वाटा. आम्ही खरंच वाटले. आणि पंधराव्या दिवशी आई परत जिन्यात बसली.

हे जिन्यात बसणं जरा नीट सांगतो. आम्ही नाशिकला दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, आई भाजी घेऊन येते आणि पहिल्या मजल्यापाशी पिशवी पायाशी ठेवून पायरीवर बसते, मूठ छातीच्या मधोमध दाबून, आणि वरून कुणी उतरताना दिसलं की लगेच वाकून चपलेचा अंगठा नीट करायला लागते. कळ येत नाही म्हणायची, कुणीतरी पाटा आणून ठेवलाय छातीवर असं वाटतं. बरं हे चढतानाच होतं असंही नाही, घरात येऊन पाणी पिऊन बसली तरी वीस-वीस मिनिटं जायचं नाही. जिभेखाली ठेवायची गोळी दिली होती, तिने कधी उतार पडायचा कधी काहीच नाही.

परत दाखवायला गेलो तर फाइल उघडायची, नॉर्मल बघायचं, मिटायची. गॅसेस आहेत. पित्त आहे. पाळी गेल्यावर होतं असं. एकांनी मला बाजूला घेऊन विचारलं की घरात सुनेशी काही आहे का. मला राग याचा नाही आला की त्यांना निदान जमलं नाही, राग याचा आला की त्यानंतर आई आम्हाला सांगायचीच बंद झाली. दुखत असलं तरी ओट्याला टेकून उभी राहायची आणि विचारलं की म्हणायची काही नाही रे, करपट ढेकर आलाय. तिला स्वतःलाच वाटायला लागलं की आपण उगाच पोराचे पैसे घालवतोय.

पुढे ओळखीतून एका कार्डिऑलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी आधी रिपोर्ट नाही बघितला, आधी आईला बोलू दिलं. मग म्हणाले, मावशी, तुमचं दुखणं हृदयाचंच असू शकतं, अँजिओत दिसतात त्या फक्त वरवरच्या मोठ्या नळ्या, साधारण अर्धा मिलिमीटरच्या वरच्या. त्याच्यापेक्षा बारीक रक्तवाहिन्या, ज्या हृदयाच्या स्नायूच्या आत शिरतात आणि खरं तर रक्त किती सोडायचं ते ठरवतात, त्या अँजिओत दिसतच नाहीत. आपण जिना चढलो की त्या रुंद व्हायला पाहिजेत, तुमच्या होत नसतील किंवा उलट आवळत असतील, मग मोठी नळी कितीही साफ असली तरी स्नायूला रक्त कमी पडतं.

बाबा इतका वेळ गप्प होते. आमची जमीन राहाता तालुक्यात, गोदावरीच्या उजव्या कालव्यावर, चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेताकडे निघणाऱ्या पाटाच्या, अगदी शेवटाला, ज्याला टेल म्हणतात. ते म्हणाले, "म्हणजे कालवा भरून चाललाय पण टेलला पाणी नाही." डॉक्टर म्हणाले अगदी तेच, दारं उघडत नाहीयेत. आयुष्यभर रात्रीबेरात्री शेताला पाणी द्यायला दारं धरायला गेलेल्या माणसाला हा आजार जितका लवकर कळला तितका मला चार दिवस वाचूनही कळला नव्हता.

याला मायक्रोव्हॅस्क्युलर अँजायना म्हणतात, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांमुळे होणारं हृदयाचं दुखणं. नवीन नाहीये हे, 1973 साली याला सिंड्रोम एक्स असं नाव पडलं होतं, कारण तेव्हा नीट माहीत नव्हतं, आणि मला वाटतं त्या नावानेच बरंच नुकसान केलं, कारण माहीत नाही याचा अर्थ हळूहळू आजारच नाही असा होत गेला. 1996 ला अमेरिकेत वाइझ नावाचा अभ्यास सुरू झाला, फक्त बायकांवर, छातीत दुखतंय आणि मोठ्या नळ्यांत अडथळा नाही अशा कितीतरी बायका त्यात निघाल्या, आणि यातल्या सगळ्याच पुढे ठणठणीत राहतात असं नाही हेही त्यातूनच कळलं. पुरुषांनाही होतं हे, पण पाळी गेलेल्या बायकांत जास्त सापडतं, शुगर आणि बीपी असेल तर अजून. आईला दोन्ही आहे.

मला सगळ्यात पटला तो ग्लासगोचा 2018 चा अभ्यास. 151 पेशंट, सगळ्यांना छातीत दुखणं आणि सगळ्यांची अँजिओ अडथळ्याशिवाय. त्यांची बारीक रक्तवाहिन्यांची आणि नळी आवळते का याची टेस्ट केली तर दहातल्या जवळपास नऊ जणांत काहीतरी सापडलं. आणि ज्यांना टेस्टच्या निकालाप्रमाणे औषधं दिली त्यांचा त्रास सहा महिन्यांत बाकीच्यांपेक्षा जास्त कमी झाला. म्हणजे गोळ्या त्याच जुन्या, फक्त कुणाला कुठली ते बघून दिल्या!

आईचीही टेस्ट केली. मनगटातूनच, अँजिओसारखी, पण टोकाला सेन्सर असलेली केसासारखी तार आत नेतात आणि ॲडेनोसिन नावाचं औषध देऊन बघतात की रक्ताचा प्रवाह आरामात असतो त्याच्या किती पट वाढतोय. दोन-अडीच पट तरी वाढायला पाहिजे. आईचा आला 1.6. कमी आकडा बघून कुणाला आनंद होईल असं मला कधी वाटलं नव्हतं पण आम्हाला झाला.

आता हृदयाचे ठोके कमी करणारं बीटा ब्लॉकर, कोलेस्टेरॉलचं स्टॅटिन, बीपीची गोळी बदलून दिलीये, शुगर आटोक्यात आणतोय, सकाळी सपाट रस्त्यावर चालणं. पूर्ण गेलंय असं नाही. थंडीत आणि मनाला काही लागलं की अजून होतं, पण आठवड्यातून चार वेळा व्हायचं ते महिन्यातून दोन-तीनदा.

अँजिओ नॉर्मल येणं चांगलंच आहे, कुणी उगाच घाबरू नका, आणि प्रत्येक दुखणं हेच असतं असंही नाही, पित्तसुद्धा असतं. पण नॉर्मल आल्यावरही तुमच्या घरातली बाई चालताना थांबत असेल, धाप लागत असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा की बारीक रक्तवाहिन्यांचं बघायचं का. ही टेस्ट सगळीकडे होत नाही, पण लक्षणं ऐकून औषध सुरू करणारेही डॉक्टर आहेत.

रिपोर्ट आला त्या दिवशी आईने माझ्याकडून आजाराचं नाव मराठी अक्षरात कागदावर लिहून घेतलं, दोनदा वाचून बघितलं आणि नगरला आत्याला फोन लावला. पहिलं वाक्य होतं, "माझं दुखणं सापडलं गं."